कॉमिकं डब्यात घालावीत का

कॉमिकच्या पाठीतल्या पिना काढणं, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. दुपार होती, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. मी पकडीनं गंजलेली पीन सरळ करून ओढायची आणि बायकोनं त्याच भोकातून गोधडीचा दोरा घालून पाठ शिवायची. लोणावळ्यात पीन टिकत नाही. एक-दोन पावसाळे गेले की गंजते आणि भोवतीचा कागद खाते. म्हणून कॉमिक हाती आलं की आमच्याकडं आधी पिना निघायच्या.

"हळू ओढा," ती म्हणाली. "दात पाडताय का कुनाचं?"

"मंग तूच काड."

"मी काडते, तुमी शिवा. बगू किती सरळ येतंय."

मी शिवलं नाही. चहा झाला. साखर कमी पडली म्हणालो, ती म्हणाली डबा संपलाय. एवढंच. त्याच आठवड्यात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, तळेगावच्या दवाखान्यात नेली, तिथून परत चालत आली नाही.

आमचा धंदा रद्दीचा. बंगल्यांवरून मी हातगाडीत रद्दी आणायचो. मुंबईचे मालक सुट्टीला यायचे आणि पोरांची कॉमिकं इथंच टाकून जायचे. मला कागद म्हणजे वजन. तागडीत घातला की माझं काम संपलं. ती मात्र गाडी उलटी झाली की पहिला हात घालून कॉमिकं बाजूला काढायची.

मी दुसरीतून शाळा सोडली. ती कुरवंड्याची, चौथी झालेली. मराठी वाचायची, इंग्रजी येत नव्हतं, आणि बंगल्यावरची कॉमिकं बहुतेक इंग्रजी. त्यानं तिचं काही अडलं नाही. चित्रं बघून ती गोष्ट लावायची. जेवणं झाली की एक गोष्ट, बरीच वर्षं. तोंडाला फडकं बांधून गच्च्यांवरून उड्या मारणारा एक निळा माणूस होता. तो तिच्या गोष्टीत घरजावई. सासऱ्याला तोंड दाखवायची लाज, म्हणून फडकं. चष्मेवाली बाई त्याची मेहुणी. ती त्याला ओळखून होती, पण घरात सांगत नव्हती. दर पुस्तकात तो पळून जायचा आणि दर पुस्तकात मेहुणी त्याला वळवून आणायची. पुस्तकात हेच छापलेलं आहे असं मी धरून चाललो होतो.

आमचा पोरगा इंग्रजी शिकला तेव्हा म्हणाला, "आई, हा जावई न्हाई. पोलीस हाय हा."

"असंल," ती म्हणाली. "पोलिसाला सासरा नसतो का?"

दहावं नदीवर केलं. कावळा पिंडाला शिवेना. भावकीतल्यांनी एकेक करून सांगून बघितलं. म्हाताऱ्याला संभाळू, सून जेवण देईल, दुकान चालू राहील. कावळे झाडावर बसून राहिले. ऊन तापायला लागलं. शेवटी पोरगा पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "आई, तुजी पुस्तकं खराब होऊ देनार न्हाई. कुनाचा हात लागू देनार न्हाई." तेवढ्यात कावळा उतरला. बायका रडल्या. एवढा वेळ बसून कावळ्यालाही भूक लागली असणार, असं मला वाटलं. पण शब्द गेला होता, आणि पिंडापुढं दिलेला शब्द आमच्यात कोणी मोडत नाही.

पोरगा तळेगावजवळ वराळ्याला राहतो, तिकडच्याच एका कंपनीत कामाला आहे. त्यानं मोबाइलवर शोधून काढलं. कॉमिक परदेशात पाठवायचं. तिथं तपासतात, दहापैकी नंबर देतात आणि कडक प्लास्टिकच्या आरपार दिसणाऱ्या डब्यात कायमचं बंद करून परत धाडतात. मग ओल नाही, कसर नाही, कुणाचा हात नाही. तिकडं पाठवणारा एक माणूस पुण्यात होता. त्याच्याकडं आम्ही दोघं गेलो. थोडी कॉमिकं मी टॉवेलात बांधून नेली.

त्या माणसानं हातमोजे घातले आणि पहिलं पुस्तक उघडलं.

"याच्या पिना कुठं आहेत?"

"काडल्या," मी म्हणालो.

"का?"

"गंजल्या व्हत्या."

"काका, गंजलेली पीन चालते. काढलेली नाही चालत. हा दोरा कसला?"

"गोधडीचा."

"आणि हे निळसर काय आहे, कव्हरच्या आत?"

"खळ. मोरचूद घातलाय. न्हाईतर कसर लागती."

त्यानं पुस्तक सावकाश खाली ठेवलं. "म्हणजे दुरुस्त केलेलं. त्याला वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावतात. नंबर दोन, फार तर तीन. इथं बोटांचे डागही आहेत."

"पिठाची बोटं हायत. भाकऱ्या थापता थापता बगायची."

पोरानं माझ्या पायाला पाय लावला. गप्प बसा म्हणून.

माणूस खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, "ही साधी कॉमिकं आहेत, काका. ढिगानं छापलेली. जे मिळत नाही आणि कोरं राहिलंय, त्याला डबा परवडतो. यांच्या किमतीपेक्षा डबाच महाग पडेल. विकायची असतील तर करू नका. आठवण म्हणून करायची असतील, तर मी कोण सांगणारा?"

"डब्यातनं वाचायचं कसं?"

"वाचायचं नाही. डबा फोडला की नंबर गेला."

"मंग दिसतं काय?"

"पुढचं कव्हर आणि मागचं."

लोणावळ्याला परत आलो. पोरगा त्या दिवशी माझ्याकडंच राहिला. पिठलं-भात केला होता. जेवताना म्हणाला, "आबा, मी करनार हाय. पैशाचं तुमी बगू नका."

"पैशाचं कोन बोलतंय? बंद करून काय करायचंय?"

"टिकतील."

"टिकून काय करायचंय?"

"तुमाला काय त्याचं. तुमी कागद तागडीत घालनारं मानूस."

ते खरंच होतं. आणि त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. लोणावळ्यात कागद किती जगतो हे मला कोणी शिकवायला नको. मोरचूद घाला, दोरा घाला, ओल आत शिरतेच. आधी वास येतो, मग पानं एकमेकांना चिकटतात, मग ओढलं की चित्राचं अर्धं तोंड एका पानावर आणि अर्धं दुसऱ्यावर. डब्यात घातली नाहीत तर ती माझ्या मागोमाग जाणार. घातली तर पोराच्या पोरांनाही दिसतील, पण बाहेरून. आतला जिना, आतली गच्ची, मेहुणी, सगळं आत. तिची गोष्ट पुस्तकात छापलेली नव्हती. चित्र बघितल्याशिवाय ती मला येत नाही. नुसती आठवायला बसलो तर पुढं सरकत नाही, हे मी करून बघितलं होतं.

हे पोराला सांगायला पाहिजे होतं. मी दुसरंच बोललो.

"कावळ्याला भूक लागलती. शब्दाचं काय घेऊन बसलाय?"

त्याचा हात ताटातच थांबला. "असं बोलू नका, आबा."

भांडी त्यानं घासली. मग मीच म्हणालो, "शब्द तुजा हाय. मोड म्हनत न्हाई. पन सगळी नको. एक निवड आन् तेवढं दे."

त्यानं तिची कॉमिकांची ट्रंक उघडली. खाली-वर करून एक काढलं. चकचकीत, पाठ ताठ, त्याच्या पिनासुद्धा तिनं काढल्या नव्हत्या.

"याला नंबर चांगला पडंल," तो म्हणाला.

"पडंल. तुजी आई ते उगडायची न्हाई. म्हनायची, ह्यात नुसती यंत्रं हायत, बोलायला मानूस न्हाई."

त्यानं ते परत ट्रंकेत ठेवलं. दुसरं काढलं, उघडलं, मिटलं, ठेवलं. मी अंथरुणावर पडलो. तो ट्रंकेपाशीच बसून होता.

सकाळी त्याला कामावर जायचं होतं. निघताना त्यानं पिशवीत एक पुस्तक घातलं, घरजावयाचं. निवडलं म्हणायचं, असं मी धरलं. स्टेशनवर सोडायला गेलो. पुण्याची गाडी उभी होती. सुटेपर्यंत बसू म्हणून त्याच्या शेजारी बसलो, आणि सुटली तरी उठलो नाही. त्यानं खिडकीकडं सरकून मला जागा केली.

मळवली गेल्यावर त्यानं पुस्तक काढून मांडीवर घेतलं. इंग्रजीचं मराठी करत मला वाचून दाखवायला लागला. "हा म्हनतोय, शहरात चोर आलाय."

"चोर न्हाई," मी म्हणालो. "सासरा हाय तो. गच्चीवर पतंग अडकलाय, त्यो काडाय चाललाय."

पोरानं माझ्याकडं बघितलं. मग पुस्तकाकडं. "मंग हा का पळतोय?"

"त्याला वाटतंय, सासरा आपल्यालाच हुडकायला वर आला."

"आन् ही बाई कुटं गेली?"

"मेहुनी. पान उलट. जिन्यात हाय ती."

त्यानं पान उलटलं. ती जिन्यात होती.

समोर भाजीच्या पाट्या घेऊन एक मावशी बसली होती. ती पुढं वाकून म्हणाली, "त्येच्या बायकूला म्हाईत हाय का समदं?"

"तिला म्हाईत हाय. पन ती माहेरी हाय, मंग बोलती कशाला?"

"व्हय, ते बी खरं."

कामशेत गेलं, कान्हे गेलं, वडगाव गेलं. पोरगा आता वाचत नव्हता. बोट चित्रावर ठेवायचा आणि थांबायचा. मग मी सांगायचं. तळेगाव आलं तसा तो उठला. पुस्तक माझ्या हातात दिलं.

"घरी न्या. त्या मानसाला फोन करून नको म्हनून सांगतो."

"आन् आईला दिलेला शब्द?"

"त्यो माज्यावर राहू द्या," तो म्हणाला आणि उतरला.

मलाही तिथंच उतरायचं होतं, परतीची गाडी मिळाली असती. पण थोडी पानं राहिली होती, आणि मावशी म्हणाली, "मंग? सापडला का जावई?" मी तिच्या शेजारी सरकलो, तिलाही दिसावं म्हणून. घोरवाडी गेलं. बेगडेवाडी यायच्या आत मेहुणीनं त्याला घरी आणून जेवायला बसवला. मग मी उतरलो.