खरपूस समाचार

पेपरात मथळा होता, ‘विरोधकांनी घेतला सरकारचा खरपूस समाचार’. तो वाचता वाचता माझी पोळी तव्यावर करपली.

गंमत आहे या शब्दाची. समाचार म्हणजे खरं तर विचारपूस. आजारी माणसाच्या समाचाराला आपण जातो, तोच हा. आधी ‘खरपूस’ लागलं की त्याचीच झाडाझडती होते. पण खरपूस म्हणजे करपलेलं नव्हे. नीट, मनापासून भाजलेलं. त्यासाठी कुणाला तरी तव्यासमोर उभं राहावं लागतं.

माझी बायको, सुमन, तशी उभी राहायची, मी पोळी भाजायला घेतली तरी माझ्या शेजारी. “अहो, तवा बघताय की पेपर? घर पेटवाल एक दिवस!” मी चिडायचो, दिवसभर बोलायचो नाही. मूर्खच होतो.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा रोज सकाळी फोन करतो. “बाबा, गोळ्या घेतल्यात ना?” “घेतल्या.” “बरं, ठेवतो.” झाला समाचार. माझ्यावर रागवायला आता कुणालाच वेळ नाही.

गॅस बंद केला. पोळी ताटात घेताना करपलेली बाजू नेहमीसारखी खाली केली, सुमनला दिसू नये म्हणून.