विमुबेनचा टॉर्च

विमुबेन मकवाणाला आमच्या शेडमध्ये सगळे बफिंगवाली म्हणूनच ओळखत. गुजरातेतल्या विठ्ठल उद्योगनगरात आमचा कारखाना. दुधाच्या टाक्या आणि स्टीलच्या पाइपलाइनी बनवायचा. आर्गॉन वेल्डिंगवाले सांधे मारायचे आणि विमुबेन ते घासून चकचकीत करायची. मी पाइप कापायला होतो, तिच्या शेजारच्याच टेबलावर.

कुणाचा सांधा कसा आहे हे तिला चाकावर धरताच कळायचं. एक दिवस तिने मशीन बंद केलं, तोंडावरचं फडकं सोडलं आणि सरळ रसिककाका पंचालांसमोर जाऊन उभी राहिली. काका आमचे सगळ्यात जुने वेल्डर.

"काका, दुसऱ्यांची खरकटी किती वर्षं घासू? मला सांधा मारायला शिकवा."

काका हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "शिकवतो. पण वेल्डिंगचा टॉर्च स्वतःचा आण. माझा मी सख्ख्या भावालाही देत नाही."

दुसऱ्याच दिवशी ती आणंदला गेली. दुकानदार दिनुभाईंनी विचारलं, "बेन, काय मागवलंय साहेबांनी?"

"साहेब मीच आहे. टॉर्च दाखवा."

दिनुभाई गडबडले आणि हाताला लागेल ते बांधून दिलं. मोठा जड टॉर्च, ज्योत धरणारे हिरव्या टोकाचे टंगस्टन रॉड आणि वर मूठभर सुटे भाग. रॉड पकडणारा तांब्याचा चिमटा रॉडपेक्षा जाड मापाचा निघाला. टॉर्च खाली झुकवला की रॉड सुळकन जमिनीवर. तो कसाबसा बसवून तिने ज्योत पेटवली, तर टोक वितळून त्याचा गोळा झाला आणि ज्योत दारुड्यासारखी इकडेतिकडे झुलायला लागली.

"हिरवा रॉड अ‍ॅल्युमिनियमला लागतो," काका कपाळावर हात मारत म्हणाले. "आपलं काम स्टीलचं. लाल आण. मी जन्मभर लालच वापरला."

विमुबेन सगळं सामान घेऊन परत दुकानात. या वेळी तिने काउंटरवरच एकेक भाग जोडून पाहायला घेतला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली, पण ती हलली नाही.

"लाल सगळेच नेतात," दिनुभाई म्हणाले. "फक्त टोक घासताना धूळ नाकात जाऊ देऊ नका. त्यात थोडा घातक किरणांचा अंश असतो."

"धूळ मी पुष्कळ खाल्ली, भाई. तसल्या धुळीचा नाही असा कुठला?"

"निळा. चालतो झकास, पण इथे अजून कुणी मागत नाही."

"मग मी मागते. दीड मिलिमीटरच्या पाइपला पुरेल असा बारीक द्या. चिमटा त्याच मापाचा."

मोठा टॉर्च परत करून तिने लहान घेतला, मनगट न दुखता फिरवता येईल असा. चिनी मातीच्या नोझलच्या आत बसणारी बारीक जाळीही घेतली. जाळीमुळे गॅस पसरत नाही, सांध्यावर शांत बसतो. टॉर्चच्या मागे रॉड झाकणारी टोपी लांब घ्यायची की आखूड, हे ठरेना म्हणून तिने दोन्ही घेतल्या.

काकांनी टॉर्च तळहातावर तोलून पाहिला. "हे खेळणं आहे. जाड प्लेट मारायला गेलीस तर हात भाजेल."

"जाड प्लेट तुम्ही मारा, काका. मला पातळ पाइप पुरे."

मग ती शिकत राहिली. तुकड्यांवर तुकडे जाळले. टोक पेन्सिलीसारखं लांबट घासायचं, रॉड सांध्याला टेकू द्यायचा नाही, टेकला की उठून पुन्हा घासायचा. काका ओरडायचे, तीही उलट बोलायची, आणि दुपारी दोघं एकाच डब्यातली लसणाची चटणी बाजरीच्या रोटल्याला लावून खायची.

त्या उन्हाळ्यात एका मोठ्या टाकीचं काम आलं. टाकीच्या पोटाखाली, दोन पायांच्या बेचक्यात पाइपचा एक सांधा राहून गेला होता. काकांचा टॉर्च आत शिरेना. शेठ टाकीचा पाय कापायला निघाले.

"थांबा," विमुबेन म्हणाली. तिने टॉर्चला आखूड टोपी लावली आणि पाठीवर झोपून आत सरकली. सांधा बाहेरून सुरेख उतरला, पण आतून आरशात पाहिलं तर काळा पडलेला. हवा अडवायला पाइपच्या आत गॅस भरायचा राहिला होता.

"कापा," तिने स्वतःच सांगितलं. "असल्या सांध्यात दूध नासेल."

मी तो सांधा कापून दिला. पाइपची दोन्ही तोंडं बंद करून, आत गॅस सोडून ती पुन्हा खाली गेली. या वेळी काकांनी आरसा बराच वेळ फिरवला. आतली रेघ फिकट सोनेरी, एकसारखी.

"शेठ," काका म्हणाले, "उद्यापासून बफिंगला दुसरं कुणी बघा."

शेठ म्हणाले, "वेल्डर बाई? गिऱ्हाइक काय म्हणेल?"

"गिऱ्हाइक आरशात बघेल," विमुबेन म्हणाली आणि टॉर्च गुंडाळायला लागली.

गेल्या हिवाळ्यात पालनपूरकडच्या एका डेअरीत पाइपलाइन जोडायला तिला प्रमुख करून पाठवलं. हाताखाली चार पुरुष वेल्डर. मी फोन करून विचारलं, "कसं चाललंय, विमुबेन?"

"काम फस्क्लास. एकही सांधा परत आला नाही. पण इथला चहा म्हणजे नुसतं साखरेचं पाणी. एवढी मोठी दुधाची डेअरी, आणि चहात दूध नाही! उद्या मॅनेजरलाच धरते."