तंबूला लावलेलं ठिगळ

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको. धारच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते, आठवडाभर तिथेच भाड्याच्या खोलीत राहते आणि शनिवार-रविवार देवासला आईकडे येते. आमचे खापरपणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. दफ्तर गेलं, संस्थान गेलं, ताठा तेवढा आमच्या मानेत राहिला.

त्या वर्षी कॉलेजात इतिहासाचं प्रदर्शन ठरलं. बाकीच्यांनी नेहमीचंच धरलं, जुनी नाणी, पगड्या, गंजक्या तलवारी. मला सगळ्यांच्या नाकावर टिच्चून काहीतरी वेगळं करायचं होतं. रोमन फौजेचे चामड्याचे तंबू हा माझा जुना नाद. आठ शिपायांना मिळून एक तंबू, बकऱ्याच्या कातड्याचे चौकोन जोडून शिवलेला. असा आख्खा तंबू कुठे सापडलेला नाही. सापडतात ते तुकडे, कडा, ठिगळं. तिकडे विलायतेत जुन्या छावण्यांच्या खंदकांत फेकलेलं ते भंगार ओल्या चिखलात दबून राहिलं, हवा लागली नाही म्हणून कुजलं नाही. त्यावरची टाक्यांची भोकं बघून लोक आख्खा तंबू ताडतात. मी म्हटलं, आपण निम्म्या मापाचा शिवूनच उभा करू.

शिवणार कोण? देवासला टेकडीच्या पायथ्याशी एक मोची बसतो. आम्ही सगळे त्याला भिया म्हणतो. भिया म्हणजे भाऊ. त्या तुकड्यांचे फोटो पाहून तो लगेच तयार झाला. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं त्यानेच कुठून कुठून जमवलं आणि महिनाभर आमच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये बसून शिवत राहिला. गॅरेजमध्ये, कारण आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कातडं उंबऱ्याच्या आत आणशील तर याद राख." त्याच्या चहाचा पेला वेगळा होता, बुडाशी खिळ्याने खूण केलेला. मी इतिहासाची बाई, वर्गात समतेवर तास घेते. शनिवार-रविवारी तो पेला मीच नेऊन द्यायचे.

पहिलं भांडण शिवणीवरून झालं. पुस्तकातली आकृती बघून मी सांगितलं, टाका आरपार घाला. तो म्हणाला, "मैडम, पानी अंदर आएगा." मी म्हटलं, "भिया, जितना बोला उतना करो." त्याने मुकाट्याने दोन चौकोन तसे जोडले, वर बादली ओतली आणि खाली धार लागलेली मला दाखवली. मग शिवण उसवून आपल्या पद्धतीने घातली. आरी कातड्याच्या निम्म्याच जाडीत शिरते आणि तिथूनच बाहेर येते, वरच्या अंगाला भोकच पडत नाही. त्याचा आजा पाण्याच्या पखाली शिवायचा. "पानी अंदर रोकना हो के बाहर रोकना हो, टाँका तो वोई," तो म्हणाला. घरात जाऊन मी मोठं पुस्तक काढलं. रोमन लोकांची शिवण नेमकी तशीच होती, आकृती मीच चुकीची वाचली होती. हे मी त्याला सांगितलं नाही. प्रदर्शनाच्या टिपणात मात्र "माझ्या अभ्यासातून असे लक्षात आले" असं लिहून मोकळी झाले.

एकदा त्याला मी एका तुकड्याचा फोटो दाखवला. त्यावर टोकदार हत्याराने कुणाचं तरी नाव कोरलेलं होतं.

"राजा था?"

"नहीं. फौज का कोई छोटा अफसर."

"राजा नी था, फिर भी नाम रे गया," असं म्हणून तो बराच वेळ फोटोकडे बघत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "मैडम, एक बात बोलूँ? एक कोने में मेरा भी डाल दूँ? अंदर से. बाहर नी दिखेगा. और कुछ नी चइए."

मी म्हटलं, "देखेंगे."

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही असंच नाही म्हणत आलो, आलेल्या माणसाला समजतं आणि तो उठतो. त्याला कुठून समजणार? त्याला तो होकार वाटला. लिहिता येत नव्हतं म्हणून त्याने लेकीकडून कागदावर नाव लिहून घेतलं आणि कातडं कापायच्या रांपीच्या टोकाने आतल्या बाजूला, दाराच्या वरच्या चौकोनावर कोरलं. अक्षरं लहान होती. शेवटचा काना जरा तिरका गेला होता.

मला ते दिसलं प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, धारला, तंबू उभा करताना. माझं डोकंच फिरलं! बाहेर पाटीवर ठळक अक्षरांत माझं नाव, आणि आत शिरणारा पाहुणा मान वर करून वाचणार ते मोच्याचं? रांपी नव्हती, मी दाढीचं पातं आणवलं आणि तेवढा तुकडा कापून काढला. उरलेल्या कातड्याचं ठिगळ घेऊन गोधडीच्या दोऱ्याने स्वतः शिवून टाकलं. टाका आरपार घातला. दुसरा मला येतो कुठे?

दुसऱ्या दिवशी इंदूरहून एक मोठे प्राध्यापक उद्घाटनाला आले. मी तोंड भरून सांगितलं की या शिवणीतून पाण्याचा थेंब आत येत नाही. म्हातारा खट निघाला. म्हणाला, "तो फिर डालिए न पानी."

गर्दीत मागे भिया उभा होता. मी बोलावलं नव्हतं. पहाटेची बस धरून इंदूरमार्गे आला होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला, सोबत बायको आणि नाव लिहून देणारी ती लेक. तो लेकीला बोटाने तंबूचं दार दाखवत होता.

कॉलेजच्या शिपायाने वरून बादली ओतली. सगळा तंबू कोरडा राहिला. फक्त दाराच्या वर, माझ्या ठिगळातून, पाणी टपटप गळायला लागलं, आणि गळलं ते आत वाकून उभ्या असलेल्या प्राध्यापकांच्या टकलावर. पोरं फिदीफिदी हसली. प्राध्यापकांनी रुमालाने डोकं पुसत विचारलं, "ये किसने सिया है?"

तेव्हा मी त्याच्याकडे बोट केलं. महिनाभर जे सांगायचं टाळलं, ते भर सभेत खणखणीत आवाजात सांगितलं. "इन्होंने. कितना समझाया था, सुनते ही नहीं."

प्राध्यापक त्याला म्हणाले, "भाई, नहीं आता था तो मना कर देते." पुन्हा सगळे हसले. लेक बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. गर्दी पांगल्यावर तो आत गेला आणि ठिगळावरून अंगठा फिरवला. दोरा बघितला, टाका बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मला कळलं.

"मैडम, ये टाँका मेरा नी है," तो हळूच म्हणाला, फक्त मला ऐकू येईल इतकंच.

मी म्हटलं, "भिया, तुम्हारी बस निकल जाएगी."

तंबू पुढे कॉलेजच्या अडगळीत गेला आणि उंदरांनी खाल्ला. कापलेला तुकडा मात्र मी टाकला नाही. का, ते मलाही धड सांगता येत नाही. रोमन फौजेचा धडा आला की त्या छोट्या अफसराचं नाव मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात.

गेल्या दिवाळीत मनाने उचल खाल्ली. तो तुकडा पर्समध्ये टाकला आणि टेकडीच्या पायथ्याशी गेले. काय बोलणार होते देव जाणे. माफी मागायची आमच्यात रीत नाही. तो चपला शिवत बसला होता. मान वर करून त्याने मला बघितलं, आणि माझं सगळं अवसान गळालं. मी पायातली चप्पल काढून पुढे सरकवली. "पट्टा ढीला हो गया, भिया."

त्याने चार टाके घातले, पट्टा ओढून बघितला आणि चप्पल माझ्या पायाशी नीट सरळ ठेवली. मी निघाले तेव्हा त्याने खाली बघतच विचारलं, "मैडम, वो टुकड़ा... फेंक दिया?"

पर्सच्या बंदावर माझा हात होता. तुकडा काढायला एक क्षण पुरला असता.

"कब का," मी म्हटलं.

"अच्छा," म्हणून त्याने दुसऱ्या कुणाची तरी चप्पल मांडीवर घेतली.