नॉर्थ चॅनलची सोयरीक

सिंगापुरात बेडोकला अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या पांडुरंग गद्र्यांच्या मालकीचा एक घोडा होता. खरं तर त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेपटी आणि फार तर एखादा खूर. पण गद्रे बोलायला लागले की उरलेले एकोणचाळीस मालक समुद्रात बुडायचे. जहाजाची इंजिनं सांभाळण्यात जन्म गेलेला हा माणूस. एका न्यूझीलंडच्या कप्तानाने त्यांना या नादाला लावलं. घोड्याचं नाव नॉर्थ चॅनल. तो तिकडेच राहायचा, आणि गद्र्यांनी त्याला कधी हातसुद्धा लावलेला नव्हता.

ही शर्यत जरा वेगळी असते. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी, तीत हाकणारा, आणि घोड्याने पळायचं ते दुडक्या चालीतच. चौखूर उधळला की हाकणाऱ्याने त्याला आवरून मागे घ्यायचं. मर्यादा न सोडता जिंकायचं, ही गोष्ट गद्र्यांना फारच भावली. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खालच्या खाऊगल्लीत, कुणी ‘टांग्याची शर्यत’ म्हणालं की ते चहा अर्धा टाकून उठत. नॉर्थ चॅनल सहा वर्षांत बेचाळीस वेळा धावला आणि एकतीस वेळा पहिला आला. दर वेळी गद्रे सोफ्यावर असे आडवे व्हायचे, जणू गाडी त्यांनीच ओढली होती.

पुढे घोडा निवृत्त झाला आणि त्याची संतती वाढवायचं ठरलं. तिथे घोडा-घोडीची गाठसुद्धा पडत नाही, थंड पेटीतून कुरिअरने वीर्याची नळी जाते, हे कळल्यावर गद्र्यांना सगळा प्रकार अगदी सोवळ्यातला वाटला.

त्याच सुमारास तन्वीने, त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, तन्मय बर्वेशी लग्न करायचं म्हणून सांगितलं. दोघं पाया लेबारला एकाच इमारतीत नोकरीला. मुलगा पुण्याचा, शांत, पोळ्यासुद्धा गोल लाटणारा. गद्रे खूश झाले. मग त्यांनी गोत्र विचारलं. कौशिक. गद्रेही कौशिक. म्हणजे शास्त्राप्रमाणे हे दोघं भाऊ-बहीण, विषय संपला. तन्वी इथेच लहानाची मोठी झालेली. गोत्र म्हणजे फॉर्मवरचा एखादा रिकामा सोडायचा रकाना, अशी तिची समजूत. तरीही तिने तन्मयला सांगून ठेवलं, की बाबांचा होकार मिळाल्याशिवाय तारीख घ्यायची नाही. ती पाच महिने थांबली. रोज जेवताना बापाच्या तोंडाकडे बघायची आणि गद्रे आमटी वाढून घ्यायचे.

सहाव्या महिन्यात न्यूझीलंडहून मेल आला. नॉर्थ चॅनलसाठी एक उत्तम घोडी सुचवली होती आणि सगळ्या भागीदारांचं मत हवं होतं. गद्र्यांनी चष्मा पुसून घोडीची वंशावळ वाचली आणि त्यांना घामच फुटला. चौथ्या पिढीत दोघांचा पूर्वज एकच! त्यांनी दोन पानी हरकत लिहून पाठवली, की असले संबंध आमच्यात निषिद्ध मानतात आणि अशाने संतती दुबळी निपजते. तिथल्या व्यवस्थापकाने अतिशय नम्रपणे आभार मानले आणि सोबत खुद्द नॉर्थ चॅनलची वंशावळ जोडली. त्याच्या बापाचा आजा आणि आईचा आजा एकच घोडा होता. त्यामुळेच तो इतका वेगवान निघाला, असं आम्ही मानतो, असंही खाली लिहिलं होतं.

गद्र्यांनी ती वंशावळ दुपारभर पुन्हा पुन्हा वाचली. ज्याचे गोडवे सहा वर्षं गायले तोच असा निघावा! संध्याकाळी त्यांनी घोडीला होकार द्यायचं ठरवलं. साइटवर कसलासा कोड मागत होते, म्हणून तन्वीला हाक मारली. तिने कोड टाकायच्या आधी सगळा पत्रव्यवहार वाचला.

“बाबा, या घोडीला हो म्हणताय?”

“ती जनावरं. जनावरांना कुठलं आलंय गोत्र?”

“मग हरकत कशाला घेतलीत?”

उत्तर नसलं की बाप जे म्हणतात तेच गद्रे म्हणाले, की या घरात माझा शब्द चालतो. तन्वीने घोडीच्या होकाराचं बटण दाबून दिलं. दुसऱ्या दिवशी तिने नोंदणी विवाहाची तारीख घेतली. लग्नाला गद्र्यांची बायको प्रेमाताई एकट्याच गेल्या. गद्रे घरी बसून नॉर्थ चॅनलच्या जुन्या शर्यती बघत होते, आवाज मोठा करून.

वर्षभराने शिंगरू झालं. गद्र्यांनी लिटिल इंडियातून पेढे आणले आणि मजल्यावर वाटत सुटले. शेजारच्या लिम आंटी लिफ्टपाशी भेटल्या. त्यांनी तोंडभरून अभिनंदन केलं आणि बाळ कसं आहे म्हणून विचारलं. गद्रे म्हणाले, बावन्न किलो, तासाभरात उभा राहिला. आंटींचा पेढा हातातच राहिला.

“नो लाह, अंकल,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमच्या तन्वीचं बाळ. मंगळवारी झालं ना? प्रेमा आंटीने मला सांगितलं.”

गद्रे उरलेले पेढे तसेच घेऊन घरी आले. प्रेमाताई मेथीचे लाडू डब्यात भरत होत्या. मला का नाही सांगितलंस, असं त्यांनी विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

“ती घोडी गाभण राहिल्यापासून दर रविवारी मेल करून तिची खुशाली विचारत होतात,” प्रेमाताई म्हणाल्या. “लेकीची एकदा तरी विचारलीत?”

गद्र्यांना रडू फुटलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, बहुधा जन्मात पहिल्यांदाच. प्रेमाताईंनी समजूत काढली नाही. त्या डबा घेऊन तन्वीच्या घरी, हौगांगला निघून गेल्या.

थोड्या वेळाने गद्र्यांनी तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला, चपला घातल्या आणि लिफ्टने खाली आले. टॅक्सी थांबली. ड्रायव्हरने कुठे जायचं म्हणून विचारलं. हौगांग, ते म्हणाले. कुठला ब्लॉक, त्याने विचारलं. तो गद्र्यांना माहीत नव्हता.