पैलीची गाडी आणि त्रेस्याचा पाय

धुकं एवढं दाट होतं, की अंगणाच्या टोकाचा मिरीचा वेलही दिसत नव्हता. पैलीनं काल तोडलेले मिरीचे घोस चटईवर पसरले, लुंगी खोचली आणि पाना घेऊन आपल्या पांढऱ्या अँबेसेडरखाली पाठीवर सरपटत शिरला.

इडुक्कीच्या त्या डोंगरावरची लग्नाची प्रत्येक मुलगी चाळीस वर्षं याच गाडीतून चर्चला गेली होती. उद्या शेजारच्या शोशाम्माच्या नातीचं लग्न. पैलीनं शब्द दिला होता, आणि क्लच तीन दिवस पोकळ लागत होता. दाबला की पाय थेट तळाला. रबर नवं घातलं, गळती कुठंच नाही, रोज हवा काढली, तरी पुन्हा तेच.

क्लचच्या तेलनळीतली हवा काढणं हे नवरा-बायकोचं काम. त्रेस्या वर गाडीत बसून पेडल दाबून धरायची, पैली खालून नळीच्या टोकाचं निपल सैल करायचा, हवा नि तेल बाहेर, निपल बंद, मगच तिनं पाय उचलायचा. आधी उचलला, की हवा उलटी आत. चाळीस वर्षांत तिचा पाय एकदाही चुकला नव्हता.

"दाब गं!"

"दाबलं."

"धरलंस ना?"

"धरलंय हो अच्चाया, लोणचं थोडंच घालतेय!"

पैली हसला. तेवढ्यात गाडीच्या तळाच्या गंजलेल्या पत्र्याच्या भोकात कोंबलेलं गोणपाट निसटून त्याच्या छातीवर पडलं. वर त्रेस्याची भेगाळलेली टाच दिसली. निपल उघडंच होतं, आणि टाच हळूच वर येत होती.

त्याला वाटलं, दमली असेल. पुन्हा दाबायला लावलं.

"धरलंस?"

"धरलंय!"

पाय हवेत.

पैली बाहेर आला. हात तेलानं माखलेले. "तीन दिवस?"

त्रेस्यानं मान खाली घातली नाही. "गेल्या रविवारी वळणावरचा कठडा तुम्हाला दिसला नाही. मला दिसला. वीतभर राहिला होता."

"तोंडावर सांगायचंस."

"चारदा सांगितलं. म्हणालात, रेडिओ मोठा कर."

"परक्यानं केलं असतं तर दात पाडले असते," पैली म्हणाला. "तुझ्या पायावर मी खाली झोपत होतो, त्रेस्ये. डोळे मिटून."

एक काठी पेडलवर टेकवली असती, तर काम एकट्यानंही झालं असतं. पैलीनं कुंपणाच्या काठ्यांकडे पाहिलं. बाहेरचं धुकं एव्हाना उठलं होतं, कुंपण होतं तिथंच होतं, पण त्याला अजून धुकंच आणि त्यात एक काळपट रेघ दिसली. तो बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला.

"शोशाम्माला फोन कर," तो शेवटी म्हणाला. "म्हणावं, दुसरी गाडी बघा. आणि खरं सांग. क्लचवर ढकलू नकोस."

मग हात धुऊन तो चटईवर चढला आणि मिरीचे दाणे सुटे करायला घोस पायांनी मळू लागला. फोन करून त्रेस्या आली, चपला काढून शेजारी मळायला उभी राहिली. पैली सरकत सरकत चटईच्या दुसऱ्या टोकाला गेला.