निशाची जागा

सोमारीबाईला चिडायला फारसं कारण लागत नाही. पण त्या दुपारी अहेरीच्या मैदानावर ती गप्प होती, आणि तिच्या पोरी त्यालाच जास्त घाबरल्या होत्या.

कबड्डीचा जिल्ह्याचा अंतिम सामना होता. जिंकेल तो संघ राज्य स्पर्धेला जाणार. जंगलातल्या एका गावच्या या पोरी सोमारीने धानाची रोवणी, तेंदूपत्त्याची तोडणी सांभाळून, शिव्या देत देत घडवल्या होत्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती कुणाला विचारायलाही गेली नव्हती.

आज मात्र संघात रीता होती. स्पर्धा समितीच्या धनराजभाऊंनी तिला थेट हरयाणातून आणलं होतं. तिचं नाव या गावच्या संघात कसं बसवलं, ते त्यांनाच ठाऊक! पोरगी उंच, तगडी. चढाईला गेली की रिकाम्या हाताने परतत नव्हती. तिला जागा करायची म्हणून डाव्या कोपऱ्यातली निशा बाहेर बसली.

"राज्याले जायचं हाय ना बाई? मंग घरच्या पोरींवर कायले अडून बसता?" धनराजभाऊ सकाळी म्हणाले होते, आणि सोमारीने मान डोलावली होती. तेव्हापासून निशाकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

पहिल्या डावात रीताने दणादण गुण आणले. पण पकडीच्या वेळी सगळं विस्कटायचं. या पोरी खेळताना एकमेकींना गोंडीत हाका मारतात. समोरचीला अर्थ लागेपर्यंत तिचा घोटा यांच्या हातात आलेला असतो. रीताला गोंडी कुठून कळणार? म्हणून धनराजभाऊंनी ताकीद दिली होती, फक्त हिंदीत बोलायचं. झालं! पोरींना हिंदी शब्द आठवेपर्यंत चढाईवाली रेषेपलीकडे जाऊन हसायची. मध्यंतराला समोरचा चामोर्शीचा संघ पुढे होता.

"दीदी, ये सब एकदम चुप हो जाती हैं. मैं किसके साथ पकड़ूँ?" रीता घाम पुसत म्हणाली. तिची काहीच चूक नव्हती. सोमारीला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"रीता, तू बस. निशा, उठ."

धनराजभाऊ धावतच आले. "बाई, डोस्कं फिरलं काय? हारलात तं पुढच्या वर्षी तुमची टीम इथी दिसणार नाई!"

"मंग नाई दिसणार," सोमारी म्हणाली. आवाज आता चढला होता. "पोरींनो, आपल्या बोलीत बोला. जोरात!"

गुण एकेक करून भरून निघाले. शेवटच्या चढाईला सोमारीचा संघ एका गुणाने पुढे होता. चामोर्शीची चढाईवाली आत घुसली, कोपऱ्याकडे झुकली. निशा गोंडीत ओरडली, खाली झेपावली आणि तिने घोटा धरला. शेजारच्या मंगलीने बाजूने येऊन कंबर आवळली. चढाईवाली रेषेपासून वीतभर अलीकडे आडवी झाली आणि शिट्टी वाजली.

धनराजभाऊ विजेतेपदाची ढाल कवटाळून आले. "मानलं बाई तुमाले! राज्याले याच पोरी जातील, एकही बदलणार नाई. कोच मातर बाहेरून येऊन राह्यला. मोठा माणूस हाय. तुमी कायले एवढी धावपळ करता?"

सकाळी निशाला कसं वाटलं असेल, ते सोमारीला आत्ता कळलं.

"मंग आमी बी नाई जात," निशा म्हणाली.

"काऊन नाई जात?" सोमारी खेकसली. "सकाळी तुले बसवलं मी. तुह्या जाग्यावर दुसरी आणली. तरी मी हाक मारली तं उठलीस ना? मंग आता बी उठ. माह्यासाठी घरी बसलीस तं तंगडी मोडीन!"

निशा तिच्या गळ्यात पडली. सोमारीने तिला दूर लोटायचा प्रयत्न केला, पण तिला ते जमलं नाही. सगळ्यांदेखत ती हमसून हमसून रडली.