आईंनी ढवळलेली बिअर

जर्मनीत नेकारसुल्मला आल्यावर माझ्या नवऱ्याला बिअर करायचं खूळ लागलं. दिवसभर कारखान्यात इंजिनं तपासायची आणि घरी येऊन एका बादलीचे लाड करायचे. माल्ट उकळा, हॉप्सची कडू फुलं टाका, गार करा, यीस्ट घाला आणि बादली खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, नेऊन ठेवा. आंबत आलं की वासासाठी वरून आणखी मूठभर हॉप्स. मग झाकण घट्ट. हवा लागली की सगळं वाया! हे त्यानं मला ऐकवून ऐकवून वीट आणला होता. स्वतःच्या आईला मात्र एका शब्दानंही सांगितलं नाही. तिला काय कळतंय, म्हणे.

त्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. सासरे गेल्यापासून पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकट्याच. "एकटीसाठी कुकर लावावासा वाटत नाही गं," मला म्हणाल्या. त्यांना पुढच्या वर्षीही यायचं होतं, बास, एवढंच मागणं. लेकाला विचारलं तर फोनमधून मान वर न काढता तो म्हणाला, "बघू." तेव्हापासून बाईंनी उपयोगी पडायचा ध्यासच घेतला. माझ्या हातातली भांडी काढून घ्यायच्या, कपडे वाळत घालायला केलरमध्ये जायच्या.

तिथे त्यांनी बादलीचं झाकण उघडलं. वर हिरवा चुरा तरंगत होता. लोणचं खालीवर केलं नाही तर बुरशी धरते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी लाकडी डाव स्वच्छ धुतला, कोरडा केला आणि रोज अगदी तळापासून ढवळलं.

शनिवारी ऑफिसातले दोन जर्मन मित्र आले. नवऱ्यानं बादलीतून भरलेली बाटली ऐटीत उघडली. सोनेरी व्हायची ती बिअर चहासारखी तपकिरी. एकानं घोट घेतला, ग्लास हळूच खाली ठेवला आणि म्हणाला, "इंटरेसांट." मीही चाखली. ओला पुठ्ठा चावावा तशी चव.

"चांगली झालीय ना?" आईंनी विचारलं. "मी रोज हलवत होते रे. बुरशीचा ठिपका येऊ दिला नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सगळ्यात मोठा ग्लास काठोकाठ भरला आणि आईपुढे ठेवला. "तू केलीस ना? मग पी. सगळी."

"अरे, आईंनी आयुष्यात कधी तोंडाला लावली नाहीये!" मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस."

पाहुण्यांना वाटलं, घरातली गंमत चाललीय. ते हसले. मला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. आईंनी लेकाकडे पाहिलं, ग्लास उचलला आणि औषध घ्यावं तशा प्यायल्या. मध्ये एकदा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबल्या नाहीत. मग पदरानं तोंड पुसलं.

"छान झालीय," त्या म्हणाल्या. आणि अगदी हळू, "मग येऊ ना रे पुढच्या वर्षी?"

"काय म्हणतात?" पाहुण्यानं विचारलं.

"आणखी एक ग्लास मागतेय," नवऱ्यानं जर्मनमध्ये सांगितलं.

दोघांनी टाळ्या वाजवल्या. एकानं उठून त्यांचा ग्लास पुन्हा भरला. आईंनी सगळ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं, टेबलाखाली माझा हात घट्ट धरला आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "हो म्हणाला गं."